प्रौढांमधील जन्मजात हृदयविकाराचे निदान

जन्मापासून असलेला हृदयदोष वयाच्या १८ वर्षांनंतर पहिल्यांदा ओळखणे, तसेच लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाची पुढे नव्याने पारख करणे, या दोन्हींचा या निदानात समावेश होतो. मराठवाड्यात पहिल्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावे लागते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याआधी मोठी झालेली, किंवा आईवडिलांसोबत दर हंगामात ऊसतोडीला गेल्याने शाळेतल्या तपासणीला हुकलेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत.

दोष सापडत नाही तो बहुधा आधी चिकटलेल्या दुसऱ्या निदानामुळे. बाईला धाप लागते म्हणजे रक्त कमी. पुरुषाला लागते म्हणजे दमा. कर्णिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्याच्या छिद्रात (एएसडी) त्रिदली झडपेतून जादा रक्त वाहते आणि त्याची गुरगुर डावीकडची मायट्रल झडप अरुंद झाल्यासारखी वाटते. मग संधिवाताचा हृदयविकार समजून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू राहते. या छिद्राची खरी खूण म्हणजे हृदयाचा दुसरा ध्वनी दुभंगलेला असतो आणि श्वास घेताना-सोडताना ते अंतर बदलत नाही. ईसीजीत हृदयाच्या विद्युतवहनाच्या उजव्या शाखेचा अपूर्ण अवरोध दिसतो.

तरुण वयात रक्तदाब वाढलेला असेल तर गोळी सुरू करण्याआधी महाधमनीचे आकुंचन, म्हणजे शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी जन्मतःच एका जागी अरुंद असणे, तपासावे. मनगट आणि जांघेतली नाडी एकाच वेळी धरावी. जांघेतली उशिरा किंवा क्षीण लागली तर संशय बळावतो. उजव्या दंडावर दाब मोजावा, मग रुग्णाला पालथे झोपवून मांडीला मोठा पट्टा बांधून गुडघ्यामागे ऐकावे. एरवी पायातला वरचा दाब हातापेक्षा थोडा जास्तच असतो. तो हातापेक्षा २० मिमी किंवा त्याहून अधिक फरकाने कमी भरला, तर पुढची तपासणी हवी. हाताच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर पायाच्या बोटालाही लावावा. हाताला ९५ आणि पायाला ८२ असा फरक दिसल्यास महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतरही उघडी राहिलेली धमनीवाहिनी (पीडीए) आणि फुप्फुसांतला वाढलेला दाब ही जोडी मनात आणावी.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ही मुख्य तपासणी, पण चिठ्ठीवर नुसते ‘इको’ लिहून भागत नाही. शंका काय आहे ते लिहावे, नाहीतर डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) ताकद मोजून अहवाल ‘नॉर्मल’ येतो. उजवी बाजू कारणाविना मोठी दिसली तर छिद्र सापडेपर्यंत शोधावे. वरच्या महाशिरेजवळचे छिद्र छातीवरून बहुधा दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेतून इको किंवा सीटी लागते. सलाइनच्या बुडबुड्यांची चाचणी स्वस्त आहे: ९ मिली सलाइन व १ मिली हवा दोन सिरिंजांत घुसळून शिरेत सोडतात. बुडबुडे उजव्या कर्णिकेत दिसल्यावर ३ ठोक्यांच्या आत डावीकडे आले तर मार्ग हृदयातच आहे. उशिरा आले तर फुप्फुसातून. मात्र रक्त फक्त डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर चाचणी फसवी ठरते.

फुप्फुसांतला दाब वाढल्याची शंका असेल तर छिद्र बंद करायचे की नाही हे कॅथेटर तपासणीवर (रक्तवाहिनीतून हृदयात नळी नेऊन दाब मोजण्यावर) ठरते. फुप्फुसांकडचा प्रवाह शरीराकडच्या प्रवाहाच्या १.५ पट किंवा अधिक आणि फुप्फुसांतला रोध (रक्तप्रवाहाला होणारा अडथळा) शरीरातल्या रोधाच्या एक-तृतीयांशाहून कमी असेल तर बंद करणे सहसा हिताचे. रोध फार वाढून रक्त उलटे वाहू लागले असेल (आयझेनमेंगर) तर छिद्र बुजवणे जीवघेणे ठरते. अशा स्त्रीला गर्भधारणाही तितकीच धोक्याची, म्हणून हे निदान लग्नाआधी झालेले बरे.

लहानपणी पुण्या-मुंबईला ‘छिद्राचे ऑपरेशन’ झाले, पण कागद हरवले, असे रुग्णही येतात. तेव्हा व्रण वाचावा. छातीच्या मधोमध असेल तर बहुधा हृदय उघडले होते. डाव्या बरगड्यांवरून पाठीकडे गेला असेल तर पीडीए, महाधमनीचे आकुंचन किंवा नील रुग्णासाठी (ऑक्सिजनअभावी निळ्या पडणाऱ्या) केलेला शंट, म्हणजे हाताच्या धमनीतून फुप्फुसाकडे रक्त वळवणारी जोडणी. शंटच्या बाजूच्या हातावर रक्तदाब खोटा कमी भरतो, त्यामुळे तो दुसऱ्या हातावर मोजावा.