नेट स्लो झालं? टॉप-अप घेण्याआधी हे वाचा

(उपग्रह इंटरनेट घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

आम्हाला फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "भाऊ, नेट मेलं ना बाप्पा." ते सहसा मेलेलं नसतं, डेटाची लिमिट संपून स्पीड उतरलेला असतो. पण दर वेळी तसंच असेल असं नाही. लिमिट शिल्लक असतानाही नेट रांगतं, आणि अशा वेळी टॉप-अप मारणं म्हणजे पैसे पाण्यात. टॉप-अप विकून आम्हालाही दोन पैसे सुटतात, तरी आधी कारण बघा असंच सांगू.

लिमिट हवीच कशाला?

नागपुरात सीताबर्डीतला माणूस फायबरवर अनलिमिटेड वापरतो, मग काटोलच्या मळ्यात आम्हीच का हिशेब ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. शहरात लाइन कमी पडली तर आणखी एक केबल टाकता येते. वर गेलेल्या उपग्रहाला मागून काही जोडता येत नाही. इस्रोचा जीसॅट-११ घ्या. ५ डिसेंबर २०१८ ला सोडलेला, ५,८५४ किलोचा हा उपग्रह ब्रॉडबँडसाठीच बनवलेला आहे. त्याची एकूण क्षमता १६ जीबीपीएस, म्हणजे १६,००० एमबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट). ऐकायला भरपूर वाटते, पण प्रत्येकाला सलग १०० एमबीपीएस द्यायचं म्हटलं तर १६० घरांतच ती खलास. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेल्या जीसॅट-एन२ ची क्षमता ४८ जीबीपीएस, म्हणजे तिप्पट. तरी वाटून घ्यावं लागतंच.

संत्र्याची बाग असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीवर मोटर एक आणि ठिबकच्या लाइनी पाच. पाचही वॉल्व एकदम उघडले की टोकाच्या झाडापाशी ड्रिपर नुसता टिपकतो. म्हणून आपण पाळी लावतो. डेटा लिमिट ही तशीच पाळी आहे.

दोन प्रकारचं स्लो

तुमचा कोटा संपला की तुमच्या एकट्याच्या लाइनचा वॉल्व मुद्दाम अर्धा फिरवला जातो. हे थ्रॉटलिंग. ते पहाटे पाचलाही तितकंच असतं आणि रात्री नऊलाही. दुसरा प्रकार गर्दीचा: संध्याकाळी सगळ्यांचेच वॉल्व उघडे, त्यामुळे प्रेशर पडतं. यात कोटा शिल्लक असतो आणि पहाटे नेट पुन्हा पळायला लागतं.

म्हणून सोपी परीक्षा. आधी खात्यात शिल्लक डेटा बघा. मग एक स्पीड टेस्ट रात्री आणि एक पहाटे घ्या, दोन्ही राऊटरच्या शेजारी बसून. टेस्ट दहा वेळा करू नका, तीही डेटाच खाते. रात्री कमी आणि पहाटे बरा स्पीड आला तर टॉप-अपने फरक पडणार नाही.

राऊटरच्या शेजारी असं मुद्दाम म्हटलं. मे महिन्यात आमच्या निम्म्या तक्रारी कूलरमागे ठेवलेल्या राऊटरच्या असतात. पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफाय अडवतात. त्यात उपग्रहाचा काय दोष?

डेटा जातो कुठे?

पेंचच्या बाजूला होमस्टे चालवणारे आमचे एक ग्राहक आहेत. १०० जीबीचा प्लॅन, पाहुणे मोजके, सिनेमा कुणी बघत नाही, तरी दहाव्या दिवशी कोटा साफ. मीटर चुकीचा आहे म्हणून भांडले. आम्ही जाऊन पाहिलं तर फाटकावरचा एक कॅमेरा रात्रंदिवस रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होता. १ एमबीपीएस म्हणजे किरकोळ वाटतं. पण एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, आठ बिटचा एक बाइट, हिशेब केला तर रोजचे १०.८ जीबी. अपलोडही कोट्यातूनच जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला आम्हीच हवे होतो, चूक आमची. आता रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर होतं आणि हालचाल दिसली तरच क्लिप वर जाते.

कॅमेऱ्याखालोखाल नंबर फोनमधल्या फोटो बॅकअपचा आणि लॅपटॉपच्या अपडेटचा. विंडोजमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायचं) करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद करा. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ कोटा खाऊन जातात. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर बघा. एचडी पिक्चर तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतो, साध्या दर्जात काम साधारण १ जीबीत भागतं.

जास्त स्पीडचा प्लॅन घेतला की डेटा जास्त मिळतो, हा एक गोड गैरसमज. ४० एमबीपीएसने सलग ओढलं तर १०० जीबी साडेपाच तासांत संपतात.

लिमिटनंतर काय चालतं?

प्लॅनच्या कागदावर तीन आकडे शोधा: लिमिट किती, तोवर स्पीड किती, नंतर किती. पहिले दोन ठळक छापलेले असतात, तिसरा बारीक. तोच विचारा. नंतरचा स्पीड २ एमबीपीएस असेल तर यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, सातबारा काढणं, पोरांचा एखादा साधा व्हिडिओ एवढं निभतं. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएसच. त्याच्याही खाली स्पीड जात असेल तर प्लॅन घेण्याआधी दोनदा विचार करा. कोटा बिलाच्या तारखेला भरतो, एक तारखेला नाही.

व्हिडिओ कॉलवर बोलणं उशिरा पोचतं, त्याचा मात्र लिमिटशी संबंध नाही. नागपूरच्या झिरो माइलपासून दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर, आणि हा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर. विचारणा वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. कितीही टॉप-अप घ्या, तो वाचत नाही.

धो-धो पावसात सिग्नल पडला तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा, डिशला हात लावू नका. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा काही मिनिटं नेट जातं आणि आपोआप परत येतं.

एवढं पाहूनही अडलं तर फोन करा. शिल्लक डेटा आणि रात्र-पहाटेच्या टेस्टचे आकडे हाताशी ठेवा, म्हणजे माणूस उमरेडपर्यंत रिकामा फेरा मारणार नाही.