कुर्रर्र केल्यावर बाळाचे नाव बदलते, रिपोर्टवरचे बदलत नाही

गेल्या महिन्यात डिचोलीला भाचीच्या मुलाचे बारसे झाले. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केले, नाव सांगितले आणि बायकांनी तिच्या पाठीत रीतसर धपके घातले. पाळण्याजवळ कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. कागद दिसले की वाचायचे ही माझी खोड. डिस्चार्ज कार्डावर 'बेबी ऑफ वैष्णवी', पुढे सासरचे आडनाव. लघवीच्या तपासणीच्या पावतीवर मात्र 'बेबी ऑफ स्नेहा', माहेरचे आडनाव, पत्ता म्हापशाचा. लग्नात नाव बदलले, आधार कार्ड बदलायचे राहिले, एवढीच भानगड. बाळ एकच आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. संगणकाने ते कसे ओळखायचे?

आधी पिशवीतला तिसरा कागद. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बाळाच्या कानात लहानसे बोंडूक घालून ओएई तपासणी, म्हणजे ऐकण्याची चाचणी, केली होती. निरोगी कान आवाज ऐकतो तसा स्वतःही अगदी क्षीण आवाज काढतो. अंतर्कर्णातल्या बाहेरच्या केशपेशी ध्वनी आला की आखडतात, प्रसरतात आणि त्यांचा प्रतिध्वनी उलट बाहेर येतो. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ मध्ये मोजून दाखवला. आमच्या बाळाचा उजवा कान 'पास', डावा 'रेफर'. रेफर म्हणजे बहिरा नव्हे, पुन्हा तपासा एवढेच. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात जन्मावेळचा चिकटा असतो, त्यामुळेही असे होते. "ताट वाजवले की दचकतो की!" असे आजी म्हणाल्या. ताटाला एक कान पुरतो, आणि बाळ हादऱ्यानेही दचकते.

मग कानासाठी लघवी कशाला? कारण सायटोमेगॅलोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही. मोठ्यांना याची बहुधा चाहूलही लागत नाही, पण गर्भातल्या बाळाला झाला तर कान जाऊ शकतो. लहानपणीच्या बहिरेपणाच्या आनुवंशिक नसलेल्या कारणांत हा अग्रभागी आहे. रक्तातली प्रतिपिंडे पाहून भागत नाही, ती आईचीही असतात. लघवीत किंवा लाळेत पीसीआरने विषाणूच शोधावा लागतो, आणि तोही २१ दिवसांच्या आत. त्यानंतर सापडला तर तो पोटातूनच आला की जन्मताना वा दुधातून, हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१३ मध्येच कायदा केला, की श्रवणचाचणीत न उतरलेल्या बाळाची ही तपासणी या मुदतीत व्हावी. मिनेसोटात २०२३ पासून सगळ्याच नवजातांची होते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढचे वेळापत्रकच बदलते. या विषाणूने कान पुढे काही वर्षांनीही जाऊ शकतो, म्हणून आज 'पास' झालेले बाळही पुन्हापुन्हा तपासावे लागते. म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल श्रवणतपासणीच्या नोंदीत जाऊन बसला पाहिजे. बाळ एका गावी जन्मते, लघवीची बाटली दुसऱ्या शहरात जाते, कानाची पुढची तपासणी तिसरीकडे. नोंदी जुळवायच्या कशा?

याचे गणित १९६९ मध्ये कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर यांनी मांडले, आणि माझा त्यावर फार जीव आहे. प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारायचे. बाळ खरेच एक असेल तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती? बाळे वेगळी असतील तर योगायोगाने जुळण्याची किती? पहिलीला दुसरीने भागायचे आणि दोनच्या पायावर लॉगॅरिदम घ्यायचा, म्हणजे गुणाकारांऐवजी नुसती गुणांची बेरीज उरते.

आकडे समजण्यापुरते धरू. लिंग जुळले तर ०.९९ भागिले ०.५, म्हणजे जेमतेम एक गुण. न जुळले तर मात्र उणे साडेपाच. वर्षभरातल्या बाळांत जन्मतारीख जुळली की साडेआठ. आता गंमत आडनावाची. तालुक्यात दर दहावे घर नाईकांचे असेल तर 'नाईक' जुळण्याचे सव्वातीनच गुण, पण हजारात एखादेच सापडणारे आडनाव जुळले तर जवळजवळ दहा. मोबाईल जुळला तर तेरा. न जुळला तर फक्त उणे सव्वादोन, कारण आज नवऱ्याचा तर उद्या भावाचा नंबर देतात हे गणिताला आधीच सांगून ठेवलेले असते. भाचीच्या कागदांवर लिंग, तारीख आणि मोबाईल जुळले, नाव आणि आडनाव मात्र नाही; त्याचे साधारण साडेआठ वजा करूनही चौदाच्या आसपास उरतात. मग बेरजेसाठी दोन रेषा आखायच्या: वरच्या रेषेपलीकडचे आपोआप जोडायचे, खालच्या रेषेअलीकडचे सोडायचे, मधले माणसाने डोळ्यांनी पाहायचे. 'एका क्लिकवर बाळाचे आरोग्य' अशा जाहिरातींत हा मधला माणूस कधी दिसत नाही.

आणि या गणिताला चकवणारे कोण, तर जुळे. दोन्ही मुलगे, आडनाव नाईक, तारीख तीच, मोबाईल तोच: पावणेसव्वीस गुण, आणि बाळ भलतेच! खऱ्या जोडीला चौदा, खोटीला सव्वीस. रकाने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतकच इथे कोसळते. म्हणून रुग्णालयांतल्या संगणकांत निरोप धाडायच्या एचएल७ या पद्धतीत जुळे आहे का, जन्मक्रम कितवा, आणि आईचे माहेरचे आडनाव, यांना वेगळे रकाने आहेत. माहेरच्या आडनावाची सोय आहे हे पाहून मला फार बरे वाटले. आमच्याकडच्या फॉर्मवर ती नव्हती. निकालासोबत नमुना लाळेचा की लघवीचा हेही जायला हवे. लाळेत आईच्या दुधातला विषाणू सापडून उगाच घबराट होते, मग लघवीने खात्री करावी लागते.

सहाव्या रात्री सटी येऊन कपाळी लेख लिहील म्हणून आजींनी कोरा कागद आणि पेन ठेवले होते. सकाळी कागद कोराच. "कपाळी बहिरेपण असेल तर कोण काय करणार?" असे शेजारच्या एक बाई म्हणाल्या. विषाणू कपाळ बघत नाही, आणि काही बाळांना वेळेत औषध देऊन ऐकणे वाचवायचा प्रयत्न करता येतो. त्यासाठीच तर ते २१ दिवस मोजायचे.

एकोणिसाव्या दिवशी भाचीच्या व्हॉट्सअॅपवर प्रयोगशाळेचा निकाल आला: विषाणू आढळला नाही. नाव अजून 'बेबी ऑफ स्नेहा'. कान तपासणाऱ्यांच्या यादीत 'बेबी ऑफ वैष्णवी'पुढचा रकाना रिकामाच होता, तो फोनवर वाचून भरून घेतला. डाव्या कानाची फेरतपासणी मंगळवारी आहे. पिशवी घेऊन मीच जाणार आहे.