प्रार्थनेतून वंशभेद व जातिभेदाचा सामना (मराठवाडा)

वंश, वर्ण किंवा जन्म यांवरून माणसाला हलके लेखण्याच्या वृत्तीला प्रार्थना, पापकबुली, शास्त्रचिंतन आणि मौन या मार्गांनी भिडण्याची ख्रिस्ती परंपरा. मराठवाड्यात तिचा विचार जातीला वगळून करता येत नाही. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा विषय तिथे नको अशी भारत सरकारची भूमिका होती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्यांना ही चर्चा फार उशिराची वाटली, तर त्यात नवल नाही.

या परंपरेची सुरुवात चर्चच्या आतल्या भेदापासूनच होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय भाविकांना गुडघे टेकून प्रार्थना करत असतानाच उठवण्यात आले. ते उठले आणि सगळे मिळून बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे केले. १९६० पासून कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन उपासनेला बसू लागले. दार अडवले, तर पायऱ्यांवरच गुडघे टेकत. दक्षिण आफ्रिकेत उलटा प्रवास झाला होता. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनॉडने (धर्मसभेने) ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळ्या उपासनेला मुभा दिली आणि या सवलतीची पुढे रीतच झाली. त्याविरुद्धचा बेलहार कबुलीजबाब, म्हणजे श्रद्धेचे जाहीर निवेदन, १९८२ मध्ये लिहिला गेला आणि १९८६ मध्ये स्वीकारला गेला.

मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासात नारायण शेषाद्री यांचे नाव आधी येते. ब्राह्मण कुटुंबातल्या शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. पुढे त्यांनी जालन्याजवळ निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत वसवली. तिथे आलेल्यांत मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने शिवाशिव धुऊन निघाली, असे मात्र झाले नाही. महार आणि मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये सोयरीक आणि पंगत हे नाजूक विषय राहिले. म्हणूनच प्रभुभोजनाचा एकच प्याला ही इथे नुसती विधीची बाब नाही. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरून पौलाने त्यांना झापले होते (१ करिंथ ११). मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हा उतारा उलगडून सांगावा लागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचेही तेच. घरच्या प्रार्थनासभेत सतरंजी अंथरलेली, ढोलकी-टाळ भिंतीशी टेकवलेले, आणि पाळक विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचतात. शोमरोन्यांशी यहुदी लोक संबंध ठेवत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ज्यांच्या आज्यांनी ओंजळ पुढे करून वरून ओतलेले पाणी प्यायले, त्यांच्यासाठी या ओळीवर थांबणे हेच चिंतन. कॅथलिक परंपरेत एकच उतारा सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून मौनात राहण्याची जी जुनी रीत आहे, ती इथे अशी आपोआप घडते. दिवसाच्या शेवटी मन तपासण्याची, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांची पद्धत मात्र जास्त अवघड जाते, कारण तिच्यात दुसऱ्याने केलेला अपमान आठवून भागत नाही, आपण कोणाच्या घरचा चहा टाळला हेही आठवावे लागते.

गायनाचा वाटा मोठा आहे. नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला वारकरी वळण दिले. १९१७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही चालत. नामदेव, जनाबाई आणि एकनाथ यांच्या मुलखात हे वळण परके वाटले नाही. आक्रोश करणाऱ्या स्तोत्रांना तर इथे खास वजन आहे. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत दलित वस्त्या जळाल्या. अशा भागात ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

‘देव बघून घेईल’ म्हणून अन्याय गिळायला लावणारी प्रार्थनाही याच भागात ऐकू येते आणि तिचा उपयोग सहसा वरच्यांनाच होतो. असल्या उपासनेचा देवाला वीट येतो, असे आमोस संदेष्टा सांगतो (५:२१–२४). पाणवठा, स्मशानभूमी आणि चर्चच्या कमिटीतली जागा हे प्रश्न प्रार्थनेत नाव घेऊन यावेत, हा आग्रह दलित ख्रिस्ती विचारवंतांनी धरला, तो रास्तच होता.

कायद्याची गाठ वेगळीच आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने या जातींच्या सवलतींसाठी हिंदू असण्याची अट घातली. ती शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये सैल झाली, ख्रिस्ती लोकांसाठी नाही. त्यामुळे कागदावर हिंदू आणि रविवारी मंडळीत, असे दुहेरी आयुष्य जगणारी कुटुंबे आहेत. त्यांना पापकबुलीच्या वेळी नेमके काय कबूल करायचे, हा प्रश्न पडतो. नोव्हेंबरमध्ये पाळल्या जाणाऱ्या दलित मुक्ती रविवारी याच अटीविरुद्ध मध्यस्थीची प्रार्थना होते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चच्या आतल्या भेदाचीही कबुली दिली.