वस्तरा पाजवणं आणि त्यानं दाढी करणं

वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारं, एकाच पोलादी पात्याचं दाढीचं हत्यार. सातारा-सांगलीकडं जुन्या माणसांना विचारलं तर पारावर नाहीतर ओसरीवर धोकटी उघडून बसलेला न्हावीच आठवतो. वर्षभर गावाची दाढी-हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरनं धान्य न्यायचं, असा बलुत्याचा व्यवहार होता. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला याच समाजातला, सातारा जिल्ह्यात त्याचं नाव आजही मानानं घेतात.

आता सलूनमध्ये असतो तो ब्लेडचा वस्तरा. अर्धं ब्लेड मोडून बसवायचं, गिऱ्हाईक झालं की टाकून द्यायचं. एचआयव्ही आणि ‘बी’ प्रकारची कावीळ रक्तातनं पसरतात म्हणून हा बदल झाला आणि तो योग्यच झाला. पण त्यामुळं पाजवायची कला दुकानातनं गेली, आता ती शिकायची तर घरी, स्वतःच्या वस्तऱ्यावर, आणि तो वस्तरा दुसऱ्या कुणाच्या गालाला लावायचा नाही.

नवीन माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे वस्तरा विळी-कात्रीबरोबर सायकलवाल्या धारवाल्याकडं देतो. फिरत्या चाकावर पातळ धार तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. वस्तरा हातानंच, पाणी टाकून, सपाट दगडावर पाजवायचा (जुनी माणसं त्याला निसणा म्हणायची). आपल्याकडचा पाट्या-वरवंट्याचा काळा दगड यासाठी फार खरबरीत पडतो.

कोन किती धरायचा हे मात्र डोक्यातनं काढून टाका, कारण तो वस्तऱ्याच्या घडणीतच असतो: पाठ जाड, धार पातळ, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवली की कोन आपोआप बसतो. पाठ जरा जरी उचलली तर धार गोल होते. धार पुढं ठेवून सरकवायचं, टोकाला पोचल्यावर पाठीवरनं उलटवायचं आणि परत यायचं. पूर्ण बोथट वस्तरा १००० नंबरच्या दगडापासनं सुरू करतात (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), मग ४०००, मग ८००० च्या आसपास, आणि शेवटी शेवटी हाताचं वजनसुद्धा द्यायचं नाही. घाई करणारे जोर लावतात आणि तिथंच बिघडतं. मला विचाराल तर पहिल्या दगडावरच जास्तीत जास्त वेळ द्यावा, दोन्ही बाजूंचे उतार धारेच्या पूर्ण लांबीभर नीट भेटले नसतील तर पुढचे बारीक दगड काही करू शकत नाहीत.

रोज दगड लागत नाही. दाढीच्या आधी चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर, म्हणजे चमोट्यावर, ३०-४० वेळा फिरवला की झालं. इथं उलटं असतं, पाठ पुढं आणि धार मागं, नाहीतर चामडं कापलं जातं. पट्टा सैल सोडला तरी धार गोल होते.

दाढी गरम पाण्यानं केस मऊ झाल्यावर, भरपूर फेसात करायची. दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, वस्तरा गालाशी साधारण ३० अंशात आणि आधी केसांच्या दिशेनंच. पहिले काही दिवस फक्त गालच करावेत, हनुवटी आणि गळा हात बसल्यावर. वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेनं आडवा कधीच सरकवू नये, कातडी कापते ती तशीच. बारीक कापलं तर तुरटी फिरवायची.

हे पोलाद गंजतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या पावसाळी दमट हवेत तर नुसता पुसून मिटलेला वस्तराही दोन-चार दिवसात डाग धरतो, म्हणून दाढी झाली की कोरड्या फडक्यानं पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून मगच मिटायचा, आणि बाथरूममध्ये ठेवायचा नाही.