टेपने मोजा शरीरातली चरबी

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) सारखा असला म्हणून चरबी सारखी असते असे नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के.

घरी अंदाज घ्यायचा तर अमेरिकी नौदलाची रीत सोपी. १९८४ साली हॉजडन आणि बेकेट यांनी पाण्याखाली वजन करून मिळालेली शरीराची घनता आणि टेपची मापे यांची सांगड घालून हे सूत्र बसवले. चरबीची घनता साधारण ०.९, बाकी शरीराची १.१, म्हणून घनता कळली की चरबी काढता येते.

पुरुषांसाठी, मापे सेंटिमीटरमध्ये (लॉग म्हणजे कॅल्क्युलेटरवरचे ‘log’ बटण):
घनता = १.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(पोट − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)

स्त्रियांसाठी:
घनता = १.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कंबर + नितंब − मान) + ०.२२१ × लॉग(उंची)

मग ४९५ ला घनतेने भागून ४५० वजा केले की टक्केवारी येते. उंची १७०, पोट ९०, मान ३८ असलेल्या पुरुषाची २१.५ टक्के. फोनच्या कॅल्क्युलेटरवर ‘लॉग’ऐवजी शेजारचे ‘एलएन’ दाबले, तर याच मापांवर ११.६ येतात. आकडा ऐकायला इतका छान की कुणाला शंकाही येत नाही.

खरी गडबड मात्र टेप लावतानाच होते. पुरुषांनी पोट बेंबीच्या रेषेत मोजायचे. पँटचा नंबर इथे चालत नाही, कारण पँट बेंबीच्या बरीच खाली बसते. स्त्रियांनी कंबर सर्वांत बारीक असेल तिथे आणि नितंब सर्वांत रुंद असतील तिथे मोजावे. मानेचे माप कंठमण्याच्या खाली, टेप पुढून किंचित उतरती ठेवून. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून आरशात बघा. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढून फक्त सूत्र फसते. वरच्या उदाहरणात पोटाचा एक सेंटिमीटर चुकला की उत्तर सुमारे ०.७ टक्क्याने हलते. सकाळी, काही खाण्याआधी, प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी धरा. जुनी कापडी टेप ताणलेली असते, ती आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा.

एवढे करूनही साडेतीन-चार टक्क्यांची चूक गृहीत धरावी. सूत्र अमेरिकी नौसैनिकांच्या शरीरांवर बसवलेले आहे. दंड-मांड्यांत स्नायू किती, हे त्याला दिसत नाही. २०१८ मध्ये आलेले दुसरे सूत्र (पुरुषांसाठी ६४ − २० × उंची ÷ कंबर, स्त्रियांसाठी ६४ च्या जागी ७६) कंबर ९० धरली तर त्याच माणसाला २६ टक्के देते. म्हणून सूत्र मध्येच बदलू नका. महिन्यातून एकदा, त्याच टेपने मोजा; आणि पोट पुरुषाचे ९०, स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर टक्केवारी काहीही येवो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.