टक-टक-टक की नुसतं एकच टक: बॅटरी उतरली की सेल्फ गेला?

चावी फिरवली, डॅशबोर्डचे लाइट लागले, बॉनेटखाली टक वाजलं आणि इंजिन काही फिरेना. अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." लगेच बॅटरीवाल्याला फोन जातो, काही हजार मोजले जातात, आणि नवी बॅटरी बसवून चावी फिरवली तरी पुन्हा तेच टक. दोष सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचा होता. उलटंही घडतं. सेल्फ उतरवून खोलला जातो आणि शेवटी दुखणं बॅटरीच्या टर्मिनलवरच्या, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवरच्या पांढऱ्या थरात निघतं. खिसा उगाच रिकामा होऊ नये म्हणून हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवा.

आधी आवाज नीट ऐका. सेल्फच्या अंगावर एक छोटी डबी बसवलेली असते, सोलेनॉइड. चावी फिरवली की ती सेल्फची गरारी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला नेऊन अडकवते आणि आतले तांब्याचे जाड संपर्क जुळवून मोटरला करंट देते. बॅटरी उतरलेली असेल तर संपर्क जुळताक्षणी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते, भार जाताच व्होल्टेज परत वर येतं आणि ती पुन्हा ओढली जाते. हेच भराभर घडतं, म्हणून टक-टक-टक-टक अशी माळ लागते. एकच दणकट टक येऊन पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडने आपलं काम केलं पण मोटर फिरली नाही. संपर्क जळालेत, नाहीतर मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, असा संशय घ्यायचा.

पण नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. बॅटरी फारच बसली असेल तर तीही एकच टक करून गप्प होते. खरा निवाडा हेडलाइट करते. परभणीच्या एका गॅरेजात ऐकलेला संवाद सांगतो:

"उस्ताद, बॅटरी नवी टाकली तरी टकच करतीय."

"मालक, हेडलाइट लावून सेल्फ मारून बघितला का?"

लाइट लावायची, कुणाला तरी समोर उभं करायचं आणि चावी फिरवायची. लाइट एकदम मलूल झाली किंवा विझलीच, तर बॅटरी किंवा तिची जोडणी. तशीच लख्ख राहिली, तर करंट मोटरपर्यंत जातच नाही, म्हणजे सेल्फकडे बघा. बॅटरी चांगली असूनही लाइट मंद होत असेल, तर मोटर किंवा इंजिनच जाम असू शकतं. तिथे जोर लावू नका.

"लाइट तर लागतेय, मग बॅटरी कशी उतरली?" हा प्रश्न हमखास येतो. विहिरीत पाणी कमी असलं तरी दोन घागरी निघतात, मोटर लावली की तळ लागतो, तसंच हे. हेडलाइटचे दोन साधे बल्ब मिळून नऊ-दहा अँपियर घेतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात.

कोणताही खर्च करण्याआधी टर्मिनल बघा. टर्मिनलवर वायर धरणारा क्लॅम्प हाताने हलला, तर तो ढिला आहे. पांढरा-हिरवट थर असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं करा, आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. थर तळाशी, क्लॅम्पच्या आतल्या बाजूला असतो; वरून पुसून भागत नाही. इंजिनकडे जाणारी अर्थची वायरही तपासा. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरीत दम नाही.

धक्का मारून गाडी चालू झाली म्हणजे बॅटरीच होती, असं समजू नका. धक्क्याने सेल्फ गेलेली गाडीही चालू होते. सेल्फवर पान्याने हलकेच ठोकल्यावर मात्र गाडी लागली, तर ब्रश किंवा संपर्क संपलेत हे जवळजवळ नक्की. ठोकताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

आपल्या हवेचंही भान ठेवा. मराठवाड्याचा मे महिना बॅटरीतलं पाणी आटवतो आणि आतल्या प्लेटा खातो, पण दुखणं उघडं पडतं डिसेंबरात, परभणीकडे पारा दहाच्या खाली गेलेल्या सकाळी. म्हणून थंडीत पहाटे टक-टक झाली तर बॅटरीवर संशय धरा. लांबून आल्यावर इंजिन तापलेलं असतानाच एक टक होतं आणि गार झाल्यावर गाडी लागते, तर सेल्फ तपासा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं क्षाराचं पाणी प्लेटा मारतं.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायला जंपर वायरी लावायच्या असतील तर लाल वायर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले नाहीत, तर बॅटरी बदलण्याआधी तिला चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा.