अंगावरून पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत

‘अंगावर पांढरं जातं म्हणजे हाडं विरघळून बाहेर पडतात, म्हणून कंबर दुखते.’ कळव्यापासून ऐरोलीपर्यंत बायकांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

मुळात हाडांतून योनीकडे येणारी वाटच शरीरात नाही. हा स्राव गर्भाशयाच्या मुखातल्या ग्रंथींतून आणि योनीच्या आवरणातून येतो, आणि आतला भाग ओलसर, स्वच्छ ठेवतो. पडताळायचं असेल तर दोन-तीन महिने कॅलेंडरवर नोंद ठेवा. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, बीज सुटण्याच्या सुमारास, तो अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक होतो, दोन बोटांत धरला तर तार येते. मग पुन्हा घट्ट आणि कमी. (गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा बदल दिसणार नाही.) हाडांचा चुरा असा पाळीच्या तारखा बघून बदलला नसता.

कंबरदुखी आणि थकवा मात्र खरा असतो, तो अंगावर काढू नका. पालिकेच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

स्राव दह्यासारखा असून खाज येत असेल, माशासारखा वास असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, तर बहुधा संसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. घरी जंतुनाशकाने आतून धुऊ नका, उपयोगी जिवाणूच मरतात. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.